नकाशा खरा असेल, तरच वायुवाहिनी सुरक्षित

गोव्यात रस्ता खोदण्याला आता निमित्ताची वाण राहिलेली नाही. कधी मलनिस्सारण, कधी जलवाहिनी, कधी भूमिगत वीजतारा, तर कधी दूरसंचाराचे केबल. रस्त्याकडेच्या त्याच चार-पाच फुटांत आता नैसर्गिक वायूची वाहिनीही आली आहे. उत्तर गोव्यात गोवा नॅचरल गॅस आणि दक्षिण गोव्यात इंडियन ऑइल-अदानी गॅस या कंपन्यांकडे वितरणाचे काम आहे. सिलिंडरची वाट पाहण्यातून गृहिणीची सुटका होत असेल, तर या बदलाचे स्वागतच करायला हवे. मात्र जमिनीखाली गेलेली ही वाहिनी नेमकी कुठून जाते, हे उद्या तिथे जेसीबी घेऊन येणाऱ्याला कळणार कसे, हा प्रश्न त्यासोबतच आला आहे.

तो वरवर दिसतो तितका किरकोळ नाही. वसाहतींतील वाहिन्या प्रामुख्याने पॉलिथिलीनच्या असतात. त्या गंजत नाहीत; पण धातू शोधणाऱ्या यंत्रालाही सापडत नाहीत. सोबत शोधतार टाकलेली नसेल, तर त्यांचा ठावठिकाणा सांगणारा आधार म्हणजे नकाशाच. नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असल्याने मोकळ्या जागी तो वर निघून जातो. परंतु वर डांबर किंवा काँक्रीटचा थर असेल, तर तो मातीतून आणि गटारांतून वाट काढीत घरातही शिरू शकतो. हवेत त्याचे प्रमाण सुमारे 5 ते 15 टक्के झाले की एक ठिणगीही स्फोटाला पुरते.

यासाठीच वायू कंपन्या जीआयएस, म्हणजेच भौगोलिक माहिती प्रणाली वापरतात. या नकाशातील प्रत्येक रेषेमागे माहितीची नोंदवही असते: वाहिनीचा व्यास, साहित्य, खोली, टाकल्याची तारीख, जोड, व्हॉल्व्ह आणि त्यावर अवलंबून असलेले ग्राहक. गळतीची खबर येताच कोणते व्हॉल्व्ह बंद करायचे आणि त्यामुळे किती घरांचा पुरवठा थांबेल, हे काही क्षणांत समजते. मात्र संगणकाने उत्तर तत्परतेने दिले, म्हणून ते बरोबर असतेच असे नाही.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातल्या सॅन ब्रुनोने ही गोष्ट फार मोठी किंमत मोजून शिकवली. 9 सप्टेंबर 2010 रोजी तेथील 1956 साली टाकलेली 30 इंची वायुवाहिनी फुटली. 8 जणांचा मृत्यू झाला, 38 घरे नष्ट झाली आणि वायूचा प्रवाह थांबवायला 95 मिनिटे लागली. दोष वाहिनीच्या सदोष वेल्डिंगमध्ये होता. कंपनीच्या संगणकीय नकाशात मात्र ती वाहिनी बिनजोड म्हणून नोंदलेली होती. जुन्या कागदांतील चूक संगणकात उतरली आणि जी वेल्डिंग कागदोपत्री अस्तित्वातच नव्हती, ती तपासण्याचा विचार कोणी करण्याचे कारणच उरले नाही. नकाशा नसेल तर माणूस निदान जपून पाऊल टाकतो; चुकीचा नकाशा त्याला निर्धास्त करतो.

म्हणून नकाशाचा खरेपणा ठरतो तो चर उघडा असतानाच्या काही तासांत. त्या वेळी उपग्रहाधारित उपकरणाने अक्षांश-रेखांश आणि खोली टिपली, तर नोंद कायमची राहते. चर बुजल्यावर कुंपणाच्या भिंतीपासून अंदाजे अंतर लिहिले, तर रस्ता रुंद होताना ती भिंत जाते आणि तिच्याबरोबर मोजमापही जाते. पावसाळ्यापूर्वी खोदकामे आटोपण्याची दरवर्षीची घाई पाहता हा धोका काल्पनिक नाही.

खरा नकाशाही कंपनीच्या कार्यालयात पडून राहिला, तर निरुपयोगीच. केंद्राने 22 मार्च 2023 रोजी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू केले. खोदणाऱ्याने आधी कळवावे आणि भूमिगत वाहिन्यांच्या मालकांना सूचना जावी, अशी त्याची रचना आहे. अमेरिकेत 2007 पासून 811 हा क्रमांक हेच काम करतो. गोव्यात दोन कंपन्यांचे दोन नकाशे, तर खोदणारे अनेक: सार्वजनिक बांधकाम खाते, वीज खाते, पालिका, पंचायती आणि त्यांचे उपकंत्राटदार. संपूर्ण जाळे सर्वांसाठी खुले करणे सुरक्षेच्या दृष्टीने योग्य नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण ज्याला ज्या रस्त्याची परवानगी हवी, त्याला तेवढ्याच तुकड्याचा नकाशा देण्यात अडचण नसावी.

उपाय खर्चिक नाहीत. वायू कंपनीने जागेवर खूण करून दिल्याशिवाय खोदकामाची परवानगी मिळू नये. नोंद नकाशात चढल्याशिवाय वाहिनी टाकणाऱ्या कंत्राटदाराचे देयक निघू नये. आणि दरवर्षी काही ठिकाणी प्रत्यक्ष खड्डा घेऊन नकाशा व जमीन यांचा ताळा घ्यावा. गोव्यातील हे जाळे अजून वाढते आहे. आज चर उघडे असताना जे मोजले जाणार नाही, ते उद्या पक्क्या रस्त्याखाली शोधत बसावे लागेल, आणि तेव्हा चुकीची खबर कदाचित जेसीबीचा दातच देईल.