डोळ्यांविना निघालेली मूर्ती

गेल्या आठवड्यात आमच्या जोह्यातल्या कारखान्यातून परदेशी जाणारा माल निघाला. जहाजाने जाणाऱ्या मूर्ती पावसाळ्याआधीच खोक्यात बसतात, तेव्हा कुठे चतुर्थीला पोचतात. त्यातली शाडूची एक मूर्ती रंगवून, सोनेरी लावून तयार होती, पण तिचे डोळे आखलेले नव्हते. पॅकिंग करणारा पोरगा दोनदा विचारून गेला, "आखणी राहिली का?" राहिली नव्हती, दिरांनी मुद्दाम ठेवली होती. बर्लिनहून पुतणीचा निरोप होता : डोळे इथे मी आखीन.

मातीच्या रसायनशास्त्रात संशोधन करायला ती तिकडे गेली, त्याला आता तीन वर्षं होतील. मातीत वाढलेल्या पोरीने माती निवडली याचं घरात कुणाला नवल वाटलं नाही. मला चिंता लागली ती पहिल्या नोव्हेंबरातल्या तिच्या फोनांची. दुपारी चारलाच अंधार. प्रयोगशाळेत सगळे भले, हसून बोलणारे. काम संपलं की जो तो आपल्या वाटेने. "काकी, इथे मला कुणाचाच त्रास नाही," असं म्हणायची आणि रडायची. मला तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही. आमच्याकडे हमरापूर फाट्यावरून गावात शिरलेल्या अनोळखी मुलीला शंभर पावलांत तिघीजणी अडवतात, "कुणाची गं तू?" लहानपणी तिला या प्रश्नाचा भारी वैताग. तिकडे वर्षभर तो तिला कुणी विचारला नाही.

पुढच्या गणपतीत कुणीतरी तिला तिथल्या मराठी मंडळींच्या उत्सवाला नेलं. भाड्याचा हॉल, ओळखीचं कुणी नाही, ही कोपऱ्यात उभी. तेवढ्यात खोकं उघडलं आणि सगळे गप्प झाले. प्रवासात मूर्तीची बोटं तुटली होती, सोंडेला तडा गेला होता. हिने पुढे होऊन एवढंच विचारलं, "डिंक आहे का कुणाकडे?" प्रयोगशाळेतून पांढरी माती आणली, डिंकात कालवली आणि पहाटेपर्यंत बोटं बसवली. नागपूरच्या एक आजी शेजारी मोबाइलचा उजेड धरून बसल्या. मधेच त्यांनी विचारलं, "कुणाची गं तू?"

त्या दिवसापासून तिला कामं सांगायला लागले. रविवारी मुलांना माती शिकव. अमकीला दवाखान्यात घेऊन जा, तिला जर्मन येत नाही. बाळाला तासभर सांभाळ. पाहुण्याला आपण "बसा" म्हणतो, "अगं, तेवढं दूध बघ" हे घरच्याच माणसाला सांगतो. तिचे रडण्याचे फोन थांबले ते तिथून.

याच बर्लिनमध्ये 1920च्या दशकाच्या अखेरीस मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे संशोधन करत होत्या. कैसर विल्हेल्म इन्स्टिट्यूटमध्ये कवट्यांची मोजमापं घ्यायची, हे त्यांचं काम. वंशावंशांतला फरक कवटीच्या ठेवणीत दिसावा, अशी गुरूंची, ऑयगेन फिशर यांची अपेक्षा होती. इरावतीबाईंच्या मोजमापांत तो दिसला नाही आणि त्यांनी तसंच लिहिलं. परक्या गावात एकट्या बाईने हे लिहायचं, याचं मोल मला पुतणीमुळे कळलं.

दुसरी गोष्ट उलट दिशेची, आणि मला ती फार जवळची वाटते. 1966 साली मॅक्सीन बर्नसन नावाची अमेरिकी तरुणी फलटणला आली. तिथल्या लोकांची बोली माणसागणिक कशी बदलते, हा तिच्या पीएच.डी.चा विषय. काम झालं की वह्या घेऊन परत जाता आलं असतं. पण फलटणला निंबकरांचं घर होतं. जाई निंबकर या इरावतीबाईंच्या लेक. त्यांच्या सासूबाई कमलाबाई मूळच्या अमेरिकेतल्या एलिझाबेथ लंडी, लग्न होऊन इकडे आलेल्या. रुग्णाला रोजच्या कामांतून पुन्हा उभं करणारी उपचारपद्धती त्यांनी भारतात रुजवली. परकेपण म्हणजे काय, हे त्या घराला सांगावं लागत नव्हतं. जाईताई आणि मॅक्सीनबाईंनी मिळून मराठी शिकणाऱ्या परदेशी लोकांसाठी शब्दकोश आणि पाठ्यपुस्तकं केली.

तरी मला वाटतं, मॅक्सीनबाई फलटणच्या झाल्या त्या निंबकरांच्या घरामुळे नव्हे, शाळेपासून तुटलेल्या दलित वस्तीतल्या मुलांमुळे. ज्यांची बोली टिपून घ्यायची, त्यांच्याच मुलांना लिहिता-वाचता येत नाही, हे पाहून त्यांना उठून जाता आलं नाही. त्या शिकवायला बसल्या. 1986 साली कमला निंबकर बालभवन ही शाळा उभी राहिली. त्यांनी भारताचं नागरिकत्व घेतलं. आलेल्या 'मॅडम'ची पोरांनी 'मॅक्सीनमावशी' केली. विद्यापीठाची पदवी मोठीच, पण मावशी हे पद मागून मिळत नाही.

हे सगळं पुतणीला फोनवर सांगत होते. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "काकी, आपल्या कारखान्यात बॉडीकलर मारतो तो बिहारचा पोरगा, त्याचं गाव कुठलं गं?"

मला सांगता येईना. चार हंगाम तो आमच्याकडे आहे. स्प्रेगन त्याच्या हातात असली की रंगाचा एक ओघळ येत नाही. पगार वेळेवर, आजारपणात औषध, कुणी कधी वाईट शब्द बोललेलं नाही. म्हणजे त्यालाही इथे कुणाचा त्रास नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्याला विचारलं. तो गडबडला, आधी वाटलं असावं की काही चुकलंय. मग गाव सांगितलं, नदी सांगितली, दरसालचा पूर सांगितला. आमच्या खारेपाटात बांध फुटून भरतीचं पाणी शेतात शिरतं ते मी सांगितलं. त्याने लगेच आईला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन माझ्या हातात दिला. पदर सावरत तिने पहिलं विचारलं ते हेच, की पोरगा नीट जेवतो का.

तो काय जेवतो हे मला माहीत नव्हतं. मी तिला म्हटलं, आजपासून आमच्यात जेवेल. रात्री तो आला, दारातच उभा राहिला. मी म्हटलं, "ये, आणि येताना ओट्यावरची भाकरीची दुरडी घेऊन ये."