सोडून दिलेली खाण म्हणजे रिकामी जागा नव्हे

बंगळुरूपासून सुमारे शंभर किलोमीटरवर कोलार गोल्ड फील्ड्स आहे. ‘केजीएफ’ सिनेमा आल्यापासून तिथे जाणाऱ्यांची एक नवी जमात निघाली आहे. कुंपणाचा तुटका भाग शोधायचा, वाट सोडून झुडपांत घुसायचं आणि गंजलेल्या शाफ्टपाशी उभं राहून व्हिडिओ करायचा. याला ते साहस म्हणतात. मी याला आगाऊपणा म्हणतो.

ही खाण 28 फेब्रुवारी 2001 रोजी बंद झाली. तिथला चॅम्पियन रीफ तीन किलोमीटरहून खोल. पंप थांबले की खाणीत पाणी चढतं, आधाराची लाकडं कुजतात. बंद बोगद्यात प्राणवायू कमी असेल तर वास येत नाही, माणूस सरळ कोसळतो. झुडपाखाली दडलेलं शाफ्टचं तोंड मोबाइलच्या नकाशावर दिसत नाही. आणि व्हिडिओत वाळवंटासारखे सुंदर दिसणारे ते ढिगारे? सायनाइडने सोनं काढून घेतल्यावर उरलेली दगडाची भुकटी आहे ती. तुम्ही घसरगुंडी खेळून परत जाता. धूळ मात्र वाऱ्यावर शेजारच्या वस्तीत जाते.

“तुम्ही फौजीच साहस शिकवता ना?” असं मला ऐकवलं जातं. शिकवतो. एनडीएत रात्री नकाशा आणि होकायंत्र घेऊन आम्हीही वाट सोडून चाललो आहोत. पण निघण्यापूर्वी उद्देश ठरलेला, मार्ग नोंदवलेला, परतायची वेळ मागे कुणाला तरी ठाऊक. तुम्ही शाफ्टमध्ये पडलात तर दोर बांधून खाली उतरणाराही कुणाचा तरी मुलगा असतो. त्याचा जीव पणाला लावायचा हक्क तुम्हाला कुणी दिला?

1802 मध्ये लेफ्टनंट जॉन वॉरन इथे सोन्याच्या शोधात आला. आमच्याच पेशातला. त्याने सोनं दाखवणाऱ्याला बक्षीस जाहीर केलं आणि गावकऱ्यांकडूनच माहिती मिळवली. आजचे हे संशोधक दोनशे पावलांवर राहणाऱ्या निवृत्त खाणकामगाराला नमस्कारसुद्धा करत नाहीत. ज्या गावातून रोज पहाटे माणसं आगगाडीने बंगळुरूला कामाला जातात, त्याला ते ‘भुताचं गाव’ म्हणतात. याच खाणीच्या पोटात 1965 मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसोबत न्यूट्रिनोंचा माग काढला. त्याचा व्हिडिओत उल्लेख नाही. भुतं मात्र आहेत.

सरकारही सुटत नाही. खाण केंद्राच्या कंपनीची होती. मग शाफ्ट नीट बुजवा, ढिगाऱ्यांवर झाडं लावा, एक सुरक्षित वाट आखा आणि ती दाखवायला जुन्या कामगारांना पगारावर नेमा. लोकांना ही जागा पाहायची आहे, हे चांगलंच आहे.

तोवर कुंपणाच्या अलीकडे थांबा. शाफ्ट कुठे आहेत आणि खाली कोण कोण राहिलं, हे ज्याला माहीत आहे तो म्हातारा अलीकडेच राहतो. त्याच्यासोबत चहा प्या.