वाचाळ कोणाला म्हणायचे?

एका विहाराच्या बैठकीत एका तरुण भगिनीने जयंतीच्या वर्गणीचा हिशेब मागितला. तीनच प्रश्न विचारले, दोन मिनिटेही लागली नसतील. त्यावर एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, "ताई, तुम्ही फार वाचाळ आहात!" सारे हसले. त्याआधी हेच गृहस्थ पाऊण तास स्वतःच्या कार्याचे पोवाडे गात होते. त्यांना कोणी वाचाळ म्हटले नाही. आम्हीही गप्प बसलो, ही आमची चूक.

'वाचाळ' हा शब्द वाटतो तितका साधा नाही. पाणिनीने 'वाचाल' आणि 'वाचाट' हे शब्द पुष्कळ बोलणाऱ्यासाठी सांगितले. पुढच्या व्याकरणकारांनी पुस्ती जोडली की, हे शब्द निंदेचे आहेत. जो पुष्कळ पण चांगले बोलतो तो 'वाग्मी'. मग चांगले कोणते आणि वाईट कोणते, हे ठरवणार कोण? मनुस्मृतीने ते जन्मावर ठरवले. तिच्या तिसऱ्या अध्यायात 'वाचाट' मुलीशी विवाह निषिद्ध आहे. आठव्या अध्यायात द्विजाला कठोर शब्दांनी बोलणाऱ्या शूद्राची जीभ छाटण्याची शिक्षा आहे. बाबासाहेबांनी १९२० साली काढलेल्या पाक्षिकाचे नाव 'मूकनायक' का होते, हे येथे उमगते. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला त्यांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले, तेही याच मुकेपणाविरुद्ध होते.

तथागतांची कसोटी वेगळी आहे. सम्यक वाचेत खोटे, चहाडी, कठोर वचन आणि निरर्थक बडबड वर्ज्य आहे. या बडबडीला पालीत 'सम्फप्पलाप' म्हणतात. बोलणारा कोण, हा प्रश्नच तेथे नाही. बोलणे खरे आहे काय, हिताचे आहे काय, एवढेच पाहायचे. वकिलीतही आम्ही हेच शिकलो. साक्ष किती लांबली याला महत्त्व नाही, ती मुद्द्याला धरून आहे की नाही, याला आहे.

या कसोटीवर हिशेब मागणारी भगिनी वाचाळ ठरत नाही. सम्फप्पलाप झाला तो व्यासपीठावरून!

मनुस्मृती जाळणाऱ्यांच्या वारसांनी तिचाच शब्द आपल्या लेकीबाळींवर फेकावा काय? पुढच्या बैठकीत भाषणे आवरा, प्रश्न आधी घ्या आणि हिशेब फळ्यावर लिहा. ज्यांना शतकानुशतके बोलू दिले नाही, त्यांचे बोलणे 'फार' कसे होईल?

जय भीम!