रोजगार मेळावा आणि मराठीचा विद्यार्थी

फेब्रुवारी लागला की महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर दोन सूचना शेजारी शेजारी झळकतात. एक असते २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाची आणि दुसरी रोजगार मेळाव्याची. पहिल्या सूचनेखाली आमच्या विभागाची सही असते, दुसरीखाली प्लेसमेंट सेलची. पहिलीत विद्यार्थ्यांनी पारंपरिक वेशात यावे असे लिहिलेले असते. दुसरीत औपचारिक वेशात, बायोडेटाच्या पाच प्रतींसह. या दोन सूचनांचा एकमेकींशी काही संबंध असावा, असे आम्हाला कित्येक वर्षे वाटलेच नाही. तो आहे, हे आमच्या उशिरा लक्षात आले. त्या उशिराची किंमत मात्र आम्ही मोजली नाही. ती आमच्या विद्यार्थ्यांनी मोजली.

आम्ही म्हणजे मराठी विभागात शिकवणारे, चाळिशी ओलांडलेले तिघे. आमच्या विद्यार्थिदशेत एम.ए. झालेल्या माणसाने सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवायचे, कार्डाचे नूतनीकरण करायचे आणि बोलावण्याची वाट पाहायची, अशी रीत होती. १९५९च्या कायद्याने मालकांवर रिक्त जागा कळवण्याचे बंधन घातले होते. त्या जागा कार्यालयाने पाठवलेल्या उमेदवारांतूनच भरण्याचे नव्हे. हा बारकावा आम्हाला कोणी सांगितला नव्हता. दुसरा रस्ता सेट-नेटचा. त्या रस्त्याने आम्ही इथवर आलो आणि नोकरी म्हणजे प्राध्यापकी असे समीकरण नकळत वर्गात घेऊन गेलो. आज तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकवणारे आमचेच विद्यार्थी शेजारच्या टेबलावर बसतात. तरीही मेळाव्याची सूचना आली की आमच्यापैकी कोणीतरी म्हणतेच, ‘हे कॉमर्सवाल्यांचे. आपल्या मुलांना तिथे काय आहे?’

दोन वर्षांपूर्वीचा प्रसंग सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षातली एक विद्यार्थिनी मेळाव्याच्या आदल्या दिवशी विभागात आली. ‘मॅडम, बायोडेटा बघता का?’ आम्ही पाहिला आणि आमच्या परीने सुधारून दिला. म्हणजे काय केले, तर संगणकावरचा एक तयार इंग्रजी नमुना उघडला, तिचे नाव व गुण त्यात भरले आणि खाली टीम प्लेअर, हार्ड वर्किंग, गुड कम्युनिकेशन स्किल्स या ओळी तशाच राहू दिल्या. दुसऱ्या दिवशी मुलाखत घेणाऱ्याने त्यातल्या पहिल्याच शब्दावर बोट ठेवले आणि विचारले, कोणत्या टीममध्ये काय केलेत? ती गप्प राहिली. त्या ओळी तिच्या नव्हत्याच. ज्या मुलीने प्रकल्पासाठी आजीच्या गावात आठ दिवस राहून जात्यावरच्या दीडशे ओव्या ध्वनिमुद्रित केल्या, शब्दशः उतरवून काढल्या, सांगणाऱ्या बायकांची नावे, वये, गावे यांची वही ठेवली, तिच्या बायोडेटात यातले एक अक्षरही नव्हते. ‘ते नोकरीसाठी कशाला लागेल?’ असे आदल्या दिवशी आम्हीच तिला म्हणालो होतो.

संध्याकाळी ती घडी घातलेला कागद घेऊन परत आली. तिने आम्हाला बोल लावला नाही. लावायला हवा होता.

तेव्हापासून आम्ही मेळाव्याकडे जरा निरखून पाहू लागलो. मेळावा या शब्दाला जत्रेचा वास आहे. गर्दी, पताका, ध्वनिक्षेपक हे सारे असतेच. उद्घाटनाची छायाचित्रे नॅकच्या फायलीत, ‘विद्यार्थी साहाय्य आणि प्रगती’ या निकषाखाली जाऊन बसतात. पण जत्रेत हिंडायचे असते आणि मेळाव्यात निवडायचे असते. विद्यार्थी सकाळी येतो आणि जिथे रांग लहान तिथे उभा राहतो. दिवसभरात पाच प्रती पाच ठिकाणी देतो आणि मग फोनची वाट पाहतो. आमच्या सेवायोजन कार्यालयाच्या कार्डाचीच ही नवी आवृत्ती. म्हणून आमचे पहिले म्हणणे असे की मेळाव्याची तयारी मेळाव्याच्या दिवशी होत नाही. ती निदान एक सत्र आधी सुरू व्हावी आणि तिची सुरुवात कपड्यांपासून नव्हे, आत्मपरीक्षणापासून व्हावी.

मराठीच्या विद्यार्थ्याला काय येते? हा प्रश्न आम्ही वर्गात विचारला तेव्हा बराच वेळ शांतता होती. मग कोणी म्हणाले, कविता कळते. ते खरे आहे आणि थोडेही नाही. पण मुलाखत घेणाऱ्याला त्याचे भाषांतर करून द्यावे लागते. तीस पानांचा मजकूर दोन पानांत आणता येणे, एकाच प्रसंगाचे दोन वेगळे वृत्तान्त वाचून त्यांतला फरक दाखवता येणे, अनोळखी माणसाला बोलते करून त्याचे बोलणे नेमके उतरवता येणे, हिंदी-इंग्रजीतला मजकूर वाचणाऱ्याला अडखळू न देता मराठीत आणणे, मुद्रिते तपासणे, ही सगळी कामे आहेत आणि ती आपल्या अभ्यासक्रमात कुठे ना कुठे करून घेतली जातात. बँकांची माहितीपत्रके, विम्याची कागदपत्रे, मोबाइलमधली उपयोजने, मालिका-चित्रपटांची उपशीर्षके, ध्वनिपुस्तके, स्वयंसेवी संस्थांचे पाहणी अहवाल यांना मराठी लिहिणारा माणूस लागतो. यंत्राने केलेले भाषांतर आज क्षणात मिळते, हे खरे. पण त्यातले कोणते वाक्य मराठी आहे आणि कोणते नुसतेच देवनागरी, हे सांगायला कान तयार असावा लागतो.

हे येते असे नुसते म्हणून भागत नाही, दाखवावे लागते. म्हणून आम्ही आता विद्यार्थ्यांना बायोडेटाबरोबर एक पातळ फाईल करायला सांगतो. तिच्यात एका लेखाचा सारांश, एक अनुवाद मूळ मजकुरासह, तपासलेल्या मुद्रिताचे एक पान आणि एका मुलाखतीचे शब्दांकन असावे. चार-पाच पाने पुरेत. बायोडेटा एक पानाचा, आणि त्यातल्या प्रत्येक ओळीवर दोन मिनिटे बोलता येईल एवढीच ओळ ठेवायची. जिच्याबद्दल बोलता येत नाही ती कितीही शोभिवंत असली तरी खोडायची. ‘मेहनती’ असे लिहू नये. दीडशे ओव्या उतरवल्या असे लिहावे.

दोन गोष्टींत मात्र आमचे विद्यार्थी कच्चे आहेत आणि त्याला आम्ही जबाबदार आहोत. एक शुद्धलेखन. महामंडळाचे नियम सगळे मिळून अठरा. १९६२चे चौदा आणि १९७२चे चार. पदव्युत्तर विद्यार्थ्याला ते उदाहरणांसह सांगता येऊ नयेत ही आमच्या शिकवण्यावरची टीका आहे. दुसरी टंकलेखन. मोबाइलवर रोमन अक्षरांतून मराठी उमटवणारी मुले संगणकासमोर बसली की थबकतात. शासकीय लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठीची गती मिनिटाला ३० शब्द मागतात. इनस्क्रिप्ट कळफलकावर रोज अर्धा तास बसले तर काही महिन्यांत ती हाती येते. साहित्याच्या विद्यार्थ्याने टंकलेखन शिकावे हे सांगताना पूर्वी आम्हाला कमीपणा वाटत असे. आता वाटत नाही.

मेळाव्याच्या आठवडाभर आधी येणाऱ्या संस्थांची यादी प्लेसमेंट सेलकडून मागून घ्यावी. पदाच्या नावावर भुलू नये. ‘रिलेशनशिप’, ‘एक्झिक्युटिव्ह’ असे शब्द असलेल्या पुष्कळ जागा दारोदार किंवा फोनवरून विक्री करण्याच्या असतात. ते काम हलके नाही, पण ते विक्रीचे आहे हे ठाऊक असून स्वीकारावे. यादीतून चार-पाच ठिकाणे निवडावीत. प्रत्येकासाठी दोन मिनिटांची स्वतःची ओळख तयार ठेवावी. आधी मराठीत पक्की करावी, मग हिंदी-इंग्रजीत. इंग्रजी साधे असावे, तुटके चालेल, पाठ केलेले नको. पाठ केलेल्या वाक्यामागे माणूस दिसत नाही, आणि मुलाखत घेणारा तोच शोधत असतो.

विद्यार्थ्यांना प्रश्न विचारायला शिकवणे तर आम्ही पार विसरलो होतो. आपल्याकडे नोकरी मागणाऱ्याने मान खाली घालून बसायचे असते. तसे नाही. रोजच्या कामाचे स्वरूप काय, वेळ किती, टार्गेट आहे का, ते न झाल्यास काय, सांगितलेल्या वार्षिक आकड्यातून महिन्याला हातात किती येतात, नेमणूक त्याच कंपनीची की मध्यस्थ कंत्राटदाराची, हे विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे. आणि नोंदणी, प्रशिक्षण, गणवेश यांच्या नावाने कोणी पैसे मागितले किंवा मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेऊ लागले, तर तिथून उठावे. झेरॉक्स द्यावी, मूळ कागद देऊ नये. घरी आल्यावर कोणाशी काय बोलणे झाले ते वहीत टिपावे आणि दोन-तीन दिवसांत चार ओळींचे पत्र पाठवावे. आमच्या वर्गातला पत्रलेखनाचा घटक याच्यासाठीच होता, असे विद्यार्थ्यांना पहिल्यांदाच वाटले तरी पुष्कळ.

यावर आमच्याच मित्रांचा आक्षेप येतो. साहित्य काय बाजारासाठी शिकायचे? विद्यापीठाने माणूस घडवायचा की नोकर? आक्षेप खोटा नाही. मेळाव्याच्या मापाने अभ्यासक्रम कापायला आमचा विरोधच आहे. मध्ययुगीन गद्य काढून तिथे ‘व्यक्तिमत्त्व विकास’ बसवणाऱ्यांशी आम्ही भांडलो आहोत. पण हा आक्षेप घेणारे बहुतेक जण पगारपत्रकावर सही करणारे आहेत, हेही विसरता येत नाही. सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ २००२ साली आली, २००४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि ती आमच्या अभ्यासक्रमात आली. शिकूनही नोकरी न मिळालेल्या एकनाथच्या कोंडीवर आम्ही टिपणे काढली, प्रश्न काढले, गुण दिले. समोरच्या बाकावर तोच एकनाथ बसला आहे हे दिसत असताना त्याच्या बायोडेटाला हात न लावणे, हा साहित्याचा आदर आहे असे आम्हाला वाटत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आम्ही पेढे वाटले. अभिजात भाषेची पदवी घेतलेल्या मुलाने चारचौघांत आपला विषय सांगताना आवाज खाली आणू नये, हे काम त्या दर्जाने आपोआप होणार नाही.

मेळावा हे एकच दार आहे, तेही अरुंद. विधिमंडळातले प्रतिवेदक, शासकीय अनुवादक, विश्वकोशासारख्या प्रकल्पांतले संपादनाचे काम ही पदे मेळाव्यात येत नाहीत. ती जाहिरातींतून आणि परीक्षांतून येतात. मेळाव्यातून रिकाम्या हाताने परतणाऱ्यांची संख्याच जास्त असणार, हेही विद्यार्थ्यांना आधी सांगायला हवे. पण केलेली फाईल फुकट जात नाही. ती पुढच्या दाराशी कामाला येते.

ती विद्यार्थिनी पुन्हा विभागात आली तेव्हा आम्ही नमुना उघडला नाही. तिची वही मागितली. कोरा कागद घेतला, आणि ओव्यांपासून सुरुवात करून तिचा बायोडेटा तिच्याकडूनच लिहवून घेतला. त्या वर्षी तिला नोकरी मिळाली नाही. पुढच्या वर्षी एका संस्थेत पाहणीच्या मुलाखती शब्दांकित करण्याचे, ठरावीक मुदतीचे काम मिळाले. पगार फार नाही. पण मुलाखतीत तिला वहीबद्दल वीस मिनिटे विचारले, आणि ती वीस मिनिटे बोलली. यंदाच्या मेळाव्याच्या सूचनेखाली प्लेसमेंट सेलच्या शेजारी आमच्या विभागाचीही सही असावी, अशी विनंती आम्ही प्राचार्यांकडे केली आहे.