डिस्क दिसत नाही? घाई करू नका!

पिंपळे गुरव, सांगवी, दापोडी भागात कंपनीत पाळी करणाऱ्या आपल्या अनेक कुटुंबांनी मुलांच्या शिक्षणासाठी संगणक घेतला आहे. तो मंद पडला की नवा न घेता फक्त प्रोसेसर बदलायचा, ही काटकसर आम्हांला योग्यच वाटते. परंतु काही वेळा प्रोसेसर बसतो, पंखा फिरतो, पडदा उजळतो आणि डिस्कच दिसेनाशी होते. घरादाराचा जीव टांगणीला लागतो. कारण त्या डिस्कमध्ये नुसती गाणी नसतात, आजोबांच्या शाळेचा दाखलाही असतो. जातपडताळणीला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात, हे आपल्या घरांना वेगळे सांगायला नको.

बंधू-भगिनींनो, प्रोसेसर बदलल्याने डिस्कमधला मजकूर पुसला जात नाही. तो पुसला जातो आपल्या उतावीळपणाने. पडद्यावर 'फॉरमॅट' किंवा 'इनिशियलाइज' करू का असे विचारले, तर नाही म्हणा. कोणी 'विंडोज नव्याने टाकून देतो' म्हणाला, तरी त्याला थांबवा. आम्ही सांगतो त्या क्रमाने तपासा.

प्रथम संगणक बंद करून प्लग काढा. प्रोसेसरवरचा पंखा काढता-बसवताना हात लागून डिस्कच्या वायरी सैल होतात. एक अरुंद, एक रुंद, दोन्ही पुन्हा घट्ट बसवा.

मग संगणक सुरू करताच डिलीट किंवा एफ-टू दाबून बायोसमध्ये जा. तेथे डिस्कचे नाव दिसले, तर दोष बहुधा सेटिंगचा आहे. नव्या प्रोसेसरसाठी बायोस अद्ययावत केले, की जुनी सेटिंग अनेकदा पुसली जातात. साटाचा प्रकार एएचसीआय होता की रेड, ते पाहून पूर्वीसारखे करा. विंडोज जुन्या पद्धतीने टाकलेली असेल, तर सीएसएमही चालू करावे लागते.

नावच दिसत नसेल आणि डिस्क मदरबोर्डवर थेट बसणारी एम-टू पट्टी असेल, तर खाच बदलून पाहा. काही खाचा थेट प्रोसेसरला जोडलेल्या असतात. इंटेलच्या बी-५६० बोर्डांवरील अशी खाच अकराव्या पिढीच्या प्रोसेसरवर चालते, दहाव्या पिढीचा बसवला तर बंद राहते.

रायझन प्रोसेसर बदलल्यावर 'एफटीपीएम'विषयी वाय की एन, असा प्रश्न येऊ शकतो. डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असेल, तर वाय दाबण्यापूर्वी त्याची ४८ आकडी किल्ली शोधा. ती बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात मिळते. कुलूप आहे की नाही ठाऊक नसेल, तर एन दाबा. जुना प्रोसेसर लगेच विकू नका. काहीच जमले नाही, तर तो पुन्हा बसवून कागद आधी उतरवून घेता येतील.

१९१७ साली बाबासाहेब लंडनहून परतले, तेव्हा त्यांचे सामान वेगळ्या जहाजाने येत होते. महायुद्धाचे दिवस होते. ते जहाज टॉर्पेडोने बुडाले आणि त्यांचा मोलाचा ग्रंथसंग्रह समुद्रात गेला. त्या काळी दुसरी प्रत काढणे सोपे नव्हते. आज ते काही मिनिटांचे काम आहे. प्रोसेसरला हात लावण्यापूर्वी दाखले, शिष्यवृत्तीचे कागद, दीक्षाभूमीचे फोटो दुसऱ्या डिस्कवर उतरवा आणि ती डिस्क मामाच्या घरी ठेवा. हे काम घरातल्या मुलीलाही शिकवा. स्क्रूड्रायव्हर फक्त मुलाच्याच हाती असावा, असे कोठे लिहिलेले नाही.

जयभीम!