परिषद तीन वर्षांची, पाणी अनेक दशकांचे

पाण्याने भरलेल्या लांब रबरी नळीत एका टोकाने रंगीत पाणी सोडा. दुसऱ्या टोकाने आधी नळीतले स्वच्छ पाणीच बाहेर येईल. रंग मागाहून दिसेल. न्यूझीलंडमधील टाउपो सरोवराची कथा अशीच आहे.

हे ६१६ चौरस किलोमीटरचे सरोवर नितळ पाण्यासाठी प्रसिद्ध आहे. भोवतालच्या कुरणांत गुरे चरतात. त्यांच्या मूत्रातील नत्र सच्छिद्र ज्वालामुखीय जमिनीतून भूजलात झिरपतो व सरोवरात पोचतो. त्यावर शैवाल पोसते. या प्रवासाला काही ठिकाणी कित्येक दशके लागतात. म्हणजे आज येणारा नत्र आजोबांच्या काळातील गुरांचाही असू शकतो!

न्यूझीलंडमध्ये १९८९ साली प्रादेशिक परिषदांच्या सीमा मुख्यतः नद्यांच्या पाणलोट क्षेत्रांनुसार आखल्या गेल्या. त्यांपैकी वायकाटो परिषदेने टाउपोभोवतीच्या शेतांना नत्राची कमाल मर्यादा घातली. २०११ साली हे नियम पक्के झाले. नत्र २० टक्क्यांनी घटवण्यासाठी सार्वजनिक निधीही उभारला गेला, कारण सारा भार शेतकऱ्यांवर टाकणे न्याय्य नव्हते.

‘पाणी तर स्वच्छ दिसते, मग घाई कशाला?’ असे कोणी म्हणेल. पण रंग दिसेपर्यंत थांबले, तर नळी भरलेली असते. परिषदेची निवडणूक दर तीन वर्षांनी होते. नियमाचे फळ मात्र पुढच्या पिढीला मिळते. म्हणून लोककल्याणाच्या संकल्पात गोड शब्दांपेक्षा मोजता येणारा आकडा आणि धीर हवा, असे मला वाटते.