आभाळातून पडलेलं कुणाला सांगायचं?

जिंतूर तालुक्यातल्या एका गावात बचत गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले, वहीवर अंगठे-सह्या झाल्या. मग मी पिशवीतून एक जुनं कात्रण काढून वाचायला घेतलं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं जाहीर निवेदन होतं ते. हैदराबादच्या केंद्रातून शास्त्रीय कामासाठी मोठे फुगे सोडले जाणार आहेत, त्यांना बांधलेली उपकरणं रंगीत पॅराशूटसकट खाली येतील, आणि ती जिथे उतरू शकतात त्या जिल्ह्यांच्या यादीत परभणीचं नाव. उपकरण दिसल्यास हात लावू नये, उघडू नये, पोलीस ठाण्याला, पोस्टाला किंवा जिल्हा प्रशासनाला कळवावं. कळवणाऱ्याला बक्षीस मिळेल.

बायका आधी हसल्या. मग एक आजी म्हणाल्या, "ताई, मह्या शेतात पडलं तर मी कुणाला सांगू? घरचा माणूस ऊसतोडीला गेलाय. मी एकटी ठेसनात जाऊ का?"

मैत्रिणींनो, गेले काही दिवस हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

आधी हे उपकरण काय असतं ते सांगते. मी समाजकार्य शिकलेली. पदार्थविज्ञान दहावीनंतर सुटलं. पण त्या बायकांना सांगायचं म्हणून वाचलं. चूल विझल्यावर तवा काळाच दिसतो, पण त्याच्याजवळ हात नेला की धग लागते. डोळ्याला न दिसणारी ती धग म्हणजे अवरक्त किरण. आभाळात धुळीच्या ढगांआड नवे तारे जन्मतात. साध्या दुर्बिणीला ते दिसत नाहीत, धग मात्र ढगातून बाहेर येते. अडचण अशी की आपल्या हवेतली वाफ त्यातला बराचसा भाग वाटेतच गिळते. म्हणून वाफेच्या वर जावं लागतं. अमेरिकेने त्यासाठी विमानातच दुर्बीण बसवली. १९७४ ते १९९५ कायपर वेधशाळा उडाली, आणि नंतर बोइंग ७४७ मधली अडीच मीटरची सोफिया, जी २०२२ साली बंद झाली. आपल्या शास्त्रज्ञांनी विमानाऐवजी फुगा घेतला. हायड्रोजन भरलेला, पातळ प्लॅस्टिकचा, तीस किलोमीटरच्याही वर जाणारा. त्याखाली एक मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण.

त्या दुर्बिणीचा कॅमेरा तयार करणं हे मोठं नाजूक काम. कॅमेरा स्वतःच गरम असेल तर स्वतःचीच धग टिपत बसेल. पेटलेल्या भट्टीत बसून बाहेरची काडी विझली का बघावं, तसं. म्हणून त्याचे संवेदक द्रव हेलियमच्या मदतीने उणे २७२ अंशांच्याही खाली थंड करतात. वर गेल्यावर दुर्बीण आधी गुरूसारख्या माहितीच्या ग्रहाकडे वळवायची, त्याच्या धगेवरून माप बसवायचं, मग अनोळखी ढगाकडे. जपानी शास्त्रज्ञांच्या साथीने केलेल्या उड्डाणांत कार्बनची एक विशिष्ट खूण शोधली गेली. एवढ्या तयारीनंतर काही तासांचं निरीक्षण, आणि ते यंत्र दोरीला लोंबकळत कुणाच्या तरी हरभऱ्यात उतरणार. ते धड परत मिळालं तर पुन्हा उडवता येतं. कुणी स्क्रू काढून बघितले तर संपलं. शिवाय काही उपकरणांत उच्च दाबाची वीज असते. म्हणजे धोका बघणाऱ्यालाही आहे.

आता सांगा, उड्डाणांचा हंगाम हिवाळ्याचा. त्या दिवसांत सकाळी शेतात कोण असतं? कापूस वेचायला, तूर कापायला, हरभरा खुडायला? हैदराबादहून पावणेतीनशे किलोमीटरवर उतरलेलं ते यंत्र पहिल्यांदा जिला दिसण्याची शक्यता आहे, ती बाई. आणि निवेदन छापलं जातं वर्तमानपत्रात, जे आमच्या गावात पारावर पुरुष वाचतात. कळवायचं कुठे, तर पोलीस ठाण्यात. नवऱ्याने डोकं फोडलं तरी तिथली पायरी चढताना बाईचे पाय कसे थरथरतात, हे आपण कार्यकर्त्यांनी सोबत जाऊन पाहिलेलं आहे. एका ठाण्यात मलाच विचारलं होतं, "तुमच्यासोबत कोणी पुरुष नाही का?" तिथे जाऊन तिने आभाळातून पेटी पडली म्हणून सांगायचं! आणि बक्षीस कुणाच्या नावाने लागेल? सातबारा ज्याच्या नावावर, त्याच्या, अशी माझी भीती आहे. पाहणारी ती, सांगणारा तो.

डिसेंबर २०२२ मध्ये तेलंगणात विकाराबाद जिल्ह्यात असाच एका फुग्याचा मोठा गोळा शेतात उतरला, तर बघ्यांची गर्दी उसळली होती. लोकांना अडाणी म्हणणं सोपं आहे. त्यांना आधी कुणी सांगितलं होतं का, हे विचारायला हवं.

माझं म्हणणं एवढंच, की हे निवेदन अंगणवाडीत, आशाताईंकडे, बचत गटाच्या बैठकीत सोप्या मराठीत पोचावं, ठाण्याऐवजी फोन करता यावा, आणि पाहणाऱ्या बाईचं नाव नोंदवलं जावं. संस्थेच्या माणसांनी यंत्र न्यायला आल्यावर शेजारच्या जिल्हा परिषद शाळेत तासभर थांबून मुलींना ते दाखवावं. "बनी तो बनी, नहीं तो परभणी" म्हणून हिणवलेल्या आमच्या जिल्ह्यात आभाळातून यंत्र उतरतं आणि मुलींना त्याचा पत्ता नसतो, हे मला सलतं. याच संस्थेत १९४९ साली बिभा चौधुरी पहिल्या स्त्री संशोधक म्हणून रुजू झाल्या, विश्वकिरणांवर काम केलं आणि जवळजवळ विस्मरणात गेल्या. २०१९ साली एका ताऱ्याला 'बिभा' नाव मिळालं, तेव्हा कुठे नाव पुन्हा ऐकू आलं.

बैठक संपताना एकीने विचारलं, "ताई, यंत्र त्यांचं, पण पलास्टिक तर ठेवता येईल का? ज्वारी झाकायला." मला उत्तर देता आलं नाही. पुढच्या बैठकीसाठी निवेदन मोठ्या अक्षरांत लिहून काढलंय. फोन नंबरची जागा मोकळी सोडली आहे. नवं निवेदन आलं की त्यातला भरणार.